फेन, बॉग, मार्श आणि मंडळी

लंडनच्या भुयारी रेल्वेवर मूरगेट नावाचं एक स्टेशन आहे. जिना चढून वर यावं तर चहूकडे बँका, कचेऱ्या आणि काचेच्या भिंती. ‘मूर’ म्हणजे काय असं विचारलं तर इंग्रजी वाचणारा मराठी माणूस ओसाड, वाऱ्याने झोडपलेला डोंगरमाथा सांगेल. बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची गोष्ट त्याने वाचली असेल तर डार्टमूरचं नावही घेईल. मग थेम्सपासून चालत जाता येईल अशा सपाट शहरी वस्तीत हे मूर आलं कुठून?

तिथे माथा कधीच नव्हता. रोमनांनी बांधलेल्या तटाच्या उत्तरेला पाणी तुंबायचं आणि मैलभर चिखल माजायचा. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन याने लंडनचं वर्णन लिहून ठेवलं आहे. हिवाळ्यात हे पाणी गोठलं की शहरातली पोरं जनावरांची हाडं पायाला बांधून त्यावर घसरत खेळायची, असं तो सांगतो. पुढे १४१५ साली त्या बाजूला तटात वेस झाली, ती मूरगेट. डोळ्यांच्या ज्या रुग्णालयाचं नाव आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांच्या तोंडी असतं, त्या मूरफिल्ड्सच्या नावातही हाच चिखल आहे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा उंचीशी काही संबंध नव्हता. जी जमीन ओली आहे, नापीक आहे, नांगराखाली येत नाही, ती मूर. डेव्हनमध्ये अशी जमीन डोंगरावर सापडली, कारण तिथे पाऊस धो धो, खाली ग्रॅनाइट आणि पाण्याला जिरायला जागा नाही. शेजारच्या सॉमरसेटमध्ये ती समुद्राच्या पातळीला सापडली. तिथल्या सेजमूरवर जुलै १६८५ मध्ये राजाविरुद्ध उठलेल्या मन्मथच्या ड्यूकने रात्री अचानक हल्ला करायचा बेत आखला, आणि त्याची गावठी फौज एका पाण्याच्या चरापाशी अंधारात अडकून कापली गेली. अशा चराला त्या भागात ‘ऱ्हीन’ म्हणतात. डोंगर आणि खाचर दोन्हींना एकच नाव देणारे लोक भूगोलाबद्दल बोलतच नव्हते. जमीन आपल्या उपयोगाची आहे की नाही, एवढंच ते सांगत होते.

इंग्रजी-मराठी कोश उघडा आणि बॉग, फेन, मार्श, स्वॉम्प, मायर, मॉस, मोरास, क्वॅगमायर हे शब्द एकेक करून काढा. सगळ्यांपुढे ‘दलदल’ आढळेल, फार तर ‘पाणथळ’. यात कोशकाराची चूक नाही. शेकडो वर्षं खुद्द इंग्रजही या शब्दांत काटेकोर फरक करत नव्हते. फरक होता तो बोलणाऱ्याच्या गावाचा. आयर्लंडमधला माणूस ज्याला बॉग म्हणेल त्याला लँकेशरचा मॉस म्हणायचा आणि केंब्रिजचा कदाचित फेन. शास्त्रज्ञांनी या शब्दांना वेगवेगळे ठरावीक अर्थ वाटून दिले ते बरंच नंतर. म्हणून या शब्दांना अर्थ विचारण्याआधी गाव विचारावं, असं मला वाटतं. ते कुठून आले हे कळलं की त्या चिखलात कोण राहत होतं तेही कळतं.

सर्वांत जुनं घराणं फेनचं. अँग्लो-सॅक्सन टोळ्या इंग्लंडात आल्या तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडात होता. डच भाषेतही तो आहे आणि उच्चारही जवळपास तोच. ॲमस्टर्डॅमला लागून असलेलं ॲमस्टेल्फेन, जिथे नोकरीच्या निमित्ताने गेलेली मराठी कुटुंबंही राहतात, ते ॲमस्टेल नदीकाठचं फेन. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात ‘फानी’ म्हणजे चिखल. जर्मन घराण्याच्या भाषांत मुळातल्या ‘प’चा ‘फ’ होतो. आपला पितृ तिकडे फादर होतो, पद फूट होतो. हा बदल उलटा फिरवला की फेनच्या मागे ‘पेन’सारखं एक मूळ दिसू लागतं, आणि अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याच मुळाशी संस्कृतमधला ‘पंक’ जोडतात. तसं असेल तर केंब्रिजशरचं फेन आणि आपल्या घरची पंकजा ही एकाच गोत्रातली.

केंब्रिज, पीटरबरो आणि लिंकन यांच्या मधोमध, वॉश नावाच्या उपसागराला भिडलेला हा फेन्सचा प्रदेश. चार नद्या इथे येऊन मंदावतात. पूर्वी त्या पसरायच्या, वाट चुकायच्या, हिवाळ्यात सगळं एक करून टाकायच्या. मधूनच चिकणमातीचे उंचवटे बेटांसारखे वर डोकवायचे. त्यांतल्या एकावर ईली हे गाव आहे. हे नाव ईल माशावरून पडलं असं बीड हा इतिहासकार आठव्या शतकातच लिहून गेला. ईल म्हणजे आपल्या वामसारखा लांबट, सापासारखा मासा, आणि फेन्समध्ये तो नुसता खायचा नव्हता, तो चलन होता. खंड ईलमध्ये भरला जायचा. रॅमसीच्या मठाने पीटरबरोच्या मठाकडून बांधकामाचा दगड घेतला, त्याचा मोबदला लेंट या उपासाच्या काळात वर्षाला ४००० ईल असा ठरला होता. बाहेरून बघणाऱ्याला जी पडीक जमीन वाटायची ती आत राहणाऱ्याला मासे, बदकं, छपराचा देवनळ, चुलीत जळणारी पीट माती आणि उन्हाळ्यात जनावरांना कुरण देत होती. तिथले लोक उंच काठ्यांवर चढून चिखल ओलांडायचे. मलेरियाचा ताप मात्र घरोघरी होता, आणि त्यावर अफूच्या बोंडांचा काढा.

सरकारला असा प्रदेश कधीच आवडत नाही. १०६६ साली इंग्लंड जिंकलेल्या विल्यमला सगळ्यांत चिवट विरोध झाला तो ईलीच्या बेटावरून. हेरवर्ड नावाचा बंडखोर १०७०-७१ मध्ये तिथे दबा धरून होता आणि विल्यमच्या घोडदळाला चिखलातून वाट सापडत नव्हती. त्याआधी जवळपास दोनशे वर्षांपूर्वीही तसंच घडलं होतं. आल्फ्रेड राजा ८७८ साली डेनांपासून वाचायला लपला, तो सॉमरसेटच्या चिखलात.

मग पैसा आला. बेडफर्डचा अर्ल आणि त्याच्यासोबत भांडवल घालणारे तेरा जण यांनी १६३० मध्ये हा प्रदेश सुकवायचा करार केला. या लोकांना ‘ॲडव्हेंचरर’ म्हणत, पण साहसाशी त्यांचा संबंध रकमेपुरताच. मोबदल्यात सुकलेली जमीन त्यांना मिळणार होती. काम दिलं कॉर्नेलिअस व्हर्मायडन या डच अभियंत्याला. त्याने नदीचं वळण तोडून सुमारे ३४ किलोमीटरचा सरळसोट कालवा काढला, तो १६३७ मध्ये पुरा झाला. १६५१ मध्ये त्याला समांतर दुसरा झाला. खोदायला इतरांबरोबर स्कॉटिश आणि डच युद्धकैदी जुंपले होते. फेनमधल्या लोकांनी बांध फोडले, दरवाजे तोडले. या लोकांना ‘फेन टायगर’ हे नाव पडलं ते उगीच नाही. पण कालवे टिकले.

जमीन टिकली नाही. फेनची माती म्हणजे पीट, हजारो वर्षं पाण्याखाली कुजायची राहून गेलेली झाडंझुडपं. पाणी काढून घेतलं की ती आकसते, तिला हवा लागते, मग ती कुजते आणि अक्षरशः हवेत निघून जाते. जमीन नद्यांच्या खाली बसली. पाणी उतारावरून वाहीना, तेव्हा ते उपसायला पवनचक्क्या लावाव्या लागल्या, मग वाफेची इंजिनं, मग डिझेलचे आणि विजेचे पंप. होम फेन इथे हे डोळ्यांनी बघता येतं. शेजारचं व्हिटल्सी मिअर हे दक्षिण इंग्लंडमधलं सगळ्यांत मोठं तळं १८५१ मध्ये उपसून टाकलं, आणि जमीन किती खचते ते कळावं म्हणून एक लोखंडी खांब पीटमध्ये असा पुरला की त्याचं टोक जमिनीला समपातळीत राहावं. आज तो खांब सुमारे चार मीटर वर आला आहे. खरं तर तो तिथेच आहे. समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली असलेली ही जागा ब्रिटनमधली सर्वांत सखल. नकाशावर अजूनही ‘द फेन्स’ असं लिहिलेलं असतं, पण तिथे आज गहू, बटाटे आणि बीट पिकतं. खरं फेन बघायचं तर विकन फेनसारख्या राखून ठेवलेल्या तुकड्यात जावं लागतं. त्याचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्टने १८९९ मध्ये घेतला, आणि ही त्या संस्थेची पहिली निसर्गराखीव जागा.

उत्तर आणि पूर्व इंग्लंडात डेन आणि नॉर्वेजियन लोक स्थायिक झाले तिथे त्यांचे शब्द चिखलात राहिले. ‘कार’ म्हणजे ओल्या जमिनीवरचं झुडुपांचं रान. ‘मायर’ही त्यांचाच. ‘क्वॅगमायर’मधला क्वॅग हा थरथरणे या अर्थाच्या क्रियापदाचा भाऊ, कारण अशा जागी पाय ठेवला की चार हात पलीकडची जमीनही हलते. स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला अशा जमिनीला ‘फ्लो’ म्हणतात. तिथला फ्लो कंट्री २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि पीटभूमी म्हणून त्या यादीत गेलेला तो पहिलाच प्रदेश.

केल्टिक भाषांनी इंग्रजीला तसे थोडेच शब्द दिले. जेत्यांनी जितांचे शब्द घेतले नाहीत, असं यावर सरधोपट म्हटलं जातं. पण चिखलाच्या बाबतीत आयर्लंडला डावलणं शक्य नव्हतं, कारण त्या बेटाचा सुमारे सहावा हिस्सा पीटने व्यापला होता. आयरिश आणि स्कॉटिश गेलिकमध्ये ‘बॉग’ म्हणजे मऊ. विशेषण आहे ते. मऊ जमिनीला वेगळा शब्द होता, पण इंग्रजांनी सोळाव्या शतकाच्या सुमारास विशेषणच उचललं आणि त्याचं नाम केलं. शब्द आला तसा त्याला चिकटून तिरस्कारही आला. आयरिश शेतकऱ्याला हिणवायला ‘बॉगट्रॉटर’, आणि ब्रिटिश बोलीत तर बॉग म्हणजे थेट संडास.

पण या मऊ जमिनीची एक खासियत आहे: तिच्यात पडलेलं सहसा कुजत नाही. आयर्लंडच्या बॉगमध्ये लाकडी भांड्यांतून पुरलेले लोण्याचे गोळे निघतात. काही ३००० वर्षांहून जुने आहेत. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट कापणाऱ्यांना एक माणूस सापडला, दाढीचे खुंट शाबूत, गळ्यात दोरी. ताजा खून समजून त्यांनी पोलिसांना बोलावलं. टोलंड मॅन या नावाने ओळखला जाणारा हा माणूस सुमारे २४०० वर्षांपूर्वी मेला होता. इंग्लंडमधल्या चेशरची गोष्ट याहून विचित्र. लिंडो मॉस इथे १९८३ मध्ये पीटमध्ये एका बाईची कवटी मिळाली. जवळच राहणाऱ्या एकाच्या बायकोचा बरीच वर्षं पत्ता नव्हता. पोलिसांनी विचारताच त्याने खुनाची कबुली दिली. मग कवटीचं वय तपासलं तर ती रोमन काळातली, साधारण सतराशे वर्षं जुनी निघाली. कबुलीवरून त्याला शिक्षा मात्र झालीच. पुढच्याच वर्षी तिथेच लिंडो मॅन सापडला.

या मृतदेहांना इंग्रजी पुस्तकं बॉगमधले देह म्हणतात, पण जागेचं नाव आहे लिंडो मॉस. मॉस म्हणजे शेवाळ, हे आपण शाळेत शिकलेलो. जुन्या इंग्रजीत मात्र ‘मॉस’ म्हणजे आधी दलदल. लँकेशर, चेशर आणि स्कॉटलंडच्या सीमाभागात ती अजूनही तशीच. तिथे उगवणारं ते मॉस, असा अर्थ वनस्पतीकडे सरकला असावा. मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्यामधलं चॅट मॉस हे या नावाचं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. तिथून रेल्वे नेताना जॉर्ज स्टीफन्सनने भराव टाकून पाहिला, तो गिळला गेला. अखेर हेदर आणि फांद्यांच्या विणलेल्या ताट्यांचे थर पसरून त्यावर रूळ तरंगते ठेवले. १५ सप्टेंबर १८३० रोजी तो मार्ग सुरू झाला आणि आजही त्या मऊ जमिनीवरून गाड्या धावतात.

आता शास्त्रज्ञांनी केलेल्या वाटणीकडे येऊ. वनस्पतीशास्त्राने विसाव्या शतकात बॉग आणि फेन हे दोन गावंढळ शब्द घेतले आणि त्यांच्यात पाण्याच्या उगमावरून फरक केला. फेनला पाणी जमिनीतून, झऱ्यांतून, ओढ्यांतून मिळतं, त्यामुळे त्यात चुना आणि इतर क्षार असतात. बॉगला मिळतं ते फक्त आभाळातून. पीटचा थर साठत साठत इतका उंच होतो की भूजलाशी संबंधच तुटतो आणि बॉग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित फुगीर बनतो. पावसाच्या पाण्यात पोषण जवळजवळ शून्य. अशा उपासमारीत स्फॅग्नम हे शेवाळ मात्र तरारतं. ते वाळल्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं, पाण्यातले क्षार ओढून घेऊन बदल्यात आम्ल सोडतं, आणि या आंबट, प्राणवायू नसलेल्या पाण्यात कुजवणारे जीव जगत नाहीत. लोणी आणि माणसं टिकली ती त्यामुळे. पहिल्या महायुद्धात तर याच शेवाळाच्या पट्ट्या जखमांवर बांधल्या जात.

ही पोषणाची टंचाई समजली की बॉगमध्ये किडे खाणाऱ्या वनस्पती का असतात तेही उमगतं. हेच गणित साताऱ्याजवळ कासच्या पठारावर पावसाळ्यात मांडलेलं दिसतं. जांभ्यावर मातीचा पातळ थर, वरून नुसतं पावसाचं पाणी, आणि त्यात दवबिंदू व सीतेची आसवं, दोन्ही कीटकभक्षी. कास हा बॉग नाही, तिथे पीट साठत नाही. उपवास मात्र तोच.

पीट हा शब्द बहुधा केल्टिक मुळाचा आहे आणि तेराव्या शतकाच्या आसपासच्या लॅटिन दस्तांत दिसू लागतो. मराठी घरात तो शिरला आहे एका अनपेक्षित वाटेने: गच्चीतल्या कुंड्यांसाठी आपण विकत आणतो त्या कोकोपीटमधून. नारळाच्या काथ्याचा हा भुसा बागेत पीटऐवजी वापरायला आला, म्हणून त्याला ते नाव. खरं पीट खोदणं आता बदनाम झालं आहे, आणि व्हायलाच हवं होतं. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भाग पीटखाली आहे, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. मध्ययुगात मात्र पीट हेच पूर्व इंग्लंडचं सरपण होतं. नॉरफोकमधली ‘ब्रॉड्स’ नावाची तळी लोक नैसर्गिक समजत होते. १९५०च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंनी तळाशी भोकं पाडून पाहिलं तर कडा उभ्या, कापल्यासारख्या निघाल्या. ती पीटच्या खाणींची पाण्याने भरलेली विवरं होती.

मार्शची गोष्ट समुद्राकडून येते. लॅटिनमधला समुद्रवाचक ‘मारे’ आणि इंग्रजीतला तळंवाचक ‘मिअर’ हे त्याचे सख्खे नातलग. विंडरमिअरचं मिअर तेच, आणि मत्स्यकन्येच्या मर्मेडमधलं मर्‌ही तेच. या कुळातल्या एका शब्दाने तर मोठीच प्रदक्षिणा केली. फ्रँक टोळ्यांनी तो फ्रान्सला नेला, तिथे त्याचा ‘मारे’ झाला. पॅरिसच्या आजच्या महागड्या मारे भागाचं नाव त्यावरूनच. फ्रेंचांकडून तो डचांनी परत घेतला, आणि डचांकडून ‘मोरास’ होऊन इंग्रजीत शिरला. तिथे सख्खा भाऊ मार्श आधीच हजर होता.

लहान मुलं खातात तो मार्शमॅलोही या चिखलातला. मार्शमॅलो ही खाऱ्या पाणथळीत वाढणारी वनस्पती, आपल्या भेंडीच्या कुळातली आणि भेंडीसारखीच बुळबुळीत. तिच्या मुळांचा चिकट रस घशाच्या औषधाला वापरायचे, त्याची साखर घालून मिठाई झाली. आजच्या पाकिटात जिलेटिन असतं, मुळाचा पत्ता नाही.

मार्शला शास्त्राने दिलेला अर्थ साधा आहे: झाडं नसलेली, गवत, लव्हाळे आणि पाणकणसांची ओली जमीन. पण सामान्य इंग्रजाच्या मनात मार्श म्हणजे ताप. डॅनिअल डीफोने अठराव्या शतकात इंग्लंडच्या प्रवासवर्णनात एसेक्सच्या मार्शमधल्या पुरुषांबद्दल लिहिलं आहे. ते उंचावरच्या गावांतून बायका करून आणायचे, त्या इथल्या हवेत तापाने जायच्या, की पुन्हा नवीन. पाच-सहापासून पंधरा-पंधरा लग्नं झालेले पुरुष असल्याचं तो सांगतो. डीफो गोष्ट रंगवण्यात पटाईत होता, तेव्हा आकडे जपूनच घ्यावेत. ताप मात्र खरा होता. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. दोष डासाचा, हे सिद्ध व्हायला रोनाल्ड रॉसचं १८९७ मधलं सिकंदराबाद उजाडावं लागलं.

‘स्लाव’ उच्चाराचा शब्द आपल्याला गावाच्या नावाने ठाऊक आहे. लंडनच्या पश्चिमेचं हे गाव भारतीयांनी गजबजलेलं आहे. अर्थ म्हणाल तर चिखलाचा खड्डा. जॉन बनयनच्या १६७८ मधल्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये यात्रेकरू आरंभीच निराशेच्या अशा खड्ड्यात फसतो. हे पुस्तक मराठीत फार लवकर आलं. हरि केशवजींनी केलेलं ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ मधलं, म्हणजे मराठी कादंबरीच्या जन्माआधीचं.

अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांपुढे जो चिखल आला तो घरच्या कुठल्याच शब्दात मावेना. फेनमध्ये लव्हाळे, बॉगमध्ये शेवाळ. इथे तर पाण्यातच उभं घनदाट जंगल. ‘स्वॉम्प’ हा शब्द इंग्लंडच्या बोलींत कुठे तरी पडून असावा, त्याचे नातलग जर्मन भाषांत ओल्या, सच्छिद्र वस्तूंसाठी सापडतात. पण छापात तो ठळकपणे दिसतो तो व्हर्जिनियाच्या वसाहतीच्या वर्णनात, कॅप्टन जॉन स्मिथच्या १६२४ मधल्या पुस्तकात. अमेरिकेत आजही झाडं असतील तर स्वॉम्प, नसतील तर मार्श. ब्रिटिश वनस्पतीशास्त्रात मात्र स्वॉम्प म्हणजे उन्हाळ्यातही पाणी जमिनीच्या वर राहतं असं देवनळाचं बेट. त्यामुळे दोन्ही देशांची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे हाल होतात.

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या अशाच प्रदेशाचं नाव ग्रेट डिस्मल स्वॉम्प. डिस्मल म्हणजे उदासवाणं, हा अर्थ नंतरचा. लॅटिनमध्ये ते मूळ ‘वाईट दिवस’. मध्ययुगीन पंचांगात दर महिन्याला दोन असे अशुभ दिवस धरलेले असत. कॅरोलायनात मात्र ‘डिस्मल’ हेच दलदलीचं सामान्यनाम होऊन बसलं होतं. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १७६३ मध्ये, काही भागीदारांसह हे डिस्मल सुकवून जमीन काढायच्या धंद्यात उतरला होता. फेन्समधल्या ॲडव्हेंचररांचाच हा अमेरिकी अवतार. पण ज्याला मालक उदास म्हणत होते त्याच रानात मळ्यांवरून पळालेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून होते, कारण तिथे पाठलाग करणं कठीण होतं. हेरवर्डला लपवणाऱ्या चिखलाची आठवण इथे होतेच.

तिथल्या मूळ रहिवाशांकडे चिखलाचे स्वतःचे शब्द होते, आणि काही इंग्रजीत टिकले. लुइझियानाच्या मंद, गढूळ प्रवाहांचं ‘बायू’ हे नाव चोक्टॉ भाषेतल्या छोट्या ओढ्याच्या शब्दावरून, फ्रेंचांच्या तोंडून आलं. कॅनडातल्या अफाट पीटभूमीचं ‘मस्केग’ क्री भाषेतलं. शब्द ठेवून घेतले. जमिनी घेतल्या आणि सुकवल्या. १८४९ ते १८६० दरम्यानच्या कायद्यांनी अमेरिकी केंद्र सरकारने सुमारे साडेसहा कोटी एकर ‘स्वॉम्प’ राज्यांना देऊन टाकली, सुकवण्याच्या अटीवर. १७८०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंतच्या दोनशे वर्षांत अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेतली निम्म्याहून अधिक ओली जमीन नाहीशी झाली.

पूर्वेकडून आलेले शब्दही आहेत. ‘झील’ इंग्रजी कोशात कधीची बसली आहे. ‘टँक’चा प्रवास अधिक गुंतागुंतीचा: पोर्तुगीज ‘टांके’ त्याला कारण झालाच, पण मोठे कोश त्याच्या आधी गुजराती आणि मराठी ‘टाकें’ही नोंदवतात. शिवनेरीच्या कातळात खोदलेलं टाकं आणि गॅरेजमधली पेट्रोलची टाकी यांच्यात इतकंच अंतर. ‘मँग्रोव्ह’ मात्र चुकीच्या ऐकण्यातून जन्मला. स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांनी बहुधा कॅरिबियन बेटांवरून उचललेल्या नावाला इंग्रजांनी आपल्या ‘ग्रोव्ह’ची, म्हणजे राईची, शेपटी लावली. आपण त्याला तिवर म्हणतो, कांदळवन म्हणतो.

इतके सगळे शब्द असताना ‘वेटलँड’ हा सपक शब्द कशासाठी निघाला? बदकांसाठी. पाणपक्षी कमी होताहेत हे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या आणि वनखात्याच्या लक्षात आलं होतं. ओल्या जमिनींची देशभर मोजदाद करायची तर बॉग, मार्श, स्वॉम्प, मस्केग हे सगळं एका रकान्यात घालणारा शब्द हवा होता. तिथल्या मासे आणि वन्यजीव खात्याने १९५६ मध्ये ती मोजदाद छापली आणि शब्द रुळला. त्यात ना तिरस्कार होता ना भय. ज्याला शतकानुशतकं सुकवायची वस्तू म्हटलं ती राखायची वस्तू ठरवण्यासाठी जुने, बदनाम शब्द उपयोगाचे नव्हते. शब्द म्हणून मला तो आवडत नाही, पण काम त्याने चोख केलं.

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातली व्याख्या वाचताना आधी येतो मार्श, मग फेन, मग पीटभूमी, मग नुसतं पाणी. नैसर्गिक असो की मानवनिर्मित, गोडं की खारं, समुद्राचं असेल तर ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल. आपल्या २०१७च्या पाणथळ नियमांत ही व्याख्या जवळपास जशीच्या तशी उतरली आहे. पीटरबरोला ईल मोजून देणाऱ्या लोकांचा ‘फेन’ अशा रीतीने भारताच्या राजपत्रात येऊन बसला. त्याच वाक्याच्या शेवटी मात्र नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्याचे तलाव, मीठ, मत्स्यशेती आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. महाराष्ट्रातली रामसर यादीत गेलेली पहिली जागा म्हणजे निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर. तिथली पाणथळ तयार झाली आहे ती गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात घातलेल्या सिंचनाच्या बंधाऱ्यामुळे.